मुलीला स्विमिंग टीममध्ये घेतलंय, घरच्यांकडून नेमकी काय अपेक्षा असते?

म्हापशेकर_आई

मुलगी नऊ वर्षांची आहे. सुट्टीतलं शिबिर झालं, नंतर नियमित वर्ग केला. आता चारही स्ट्रोक येतात, फक्त ब्रेस्टस्ट्रोकची किक अजून एका पायाने वाकडी पडते. सर तिला टीमच्या सगळ्यात लहान गटात घेणार आहेत. फॉर्मसोबत पानभर सूचना आल्यात: हजेरी, वेळ, सामान, स्पर्धा, पालकांनी काठावर यायचं नाही वगैरे. आमच्या घरात कुणीच खेळात नव्हतं, त्यामुळे यातलं काय कडक पाळायचं आणि कुठे थोडं इकडेतिकडे चालतं ते कळत नाही. शाळा दीडला सुटते. मंगळवारी आणि गुरुवारी ट्यूशन असते. गणेश चवथीला आम्ही आठवडाभर पेडण्याला गावी असतो. खर्च कुठे कुठे येतो? सामान काय घ्यायचं? स्पर्धेच्या दिवशी आईवडिलांनी काय करायचं? आणि तिचा कान अधूनमधून दुखतो, त्याचं काय करावं? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

लेन_चार

ताई, वर्गात मुलगी एक दिवस आली नाही तर नुकसान तिच्या एकटीचं. टीममध्ये तसं नसतं, कारण एका लेनमध्ये सहा-आठ मुलं असतात आणि सगळं भिंतीवरच्या घड्याळावर चालतं. ‘आठ वेळा ५०, दीड मिनिटावर’ म्हणजे दर दीड मिनिटाला पुढचे ५० मीटर सुरू. एक मिनिट दहा सेकंदांत पोचली तर वीस सेकंद विश्रांती मिळते, एक पंचवीसला पोचली तर पाचच. एकामागून एक मुलं पाच-पाच सेकंदांच्या अंतराने सुटतात आणि एका बाजूने जाऊन दुसऱ्या बाजूने परत येतात. दहा मिनिटं उशिरा आलेली मुलगी त्यात मध्येच उतरली की मागच्यांचे हात तिच्या पायांवर आपटतात, पुढचं अंतर तुटतं आणि वॉर्म-अप न झाल्यामुळे तिचा स्वतःचा खांदाही आखडतो. म्हणून तुमच्या त्या पानावरची सगळ्यात कडक ओळ वेळेची समजा. साडेचारची बॅच म्हणजे साडेचारला टोपी-गॉगल लावून काठावर. त्यासाठी सव्वाचारला गेटवर हवं: शौचालय, शॉवर, मग पाण्याबाहेरचा पाच-दहा मिनिटांचा व्यायाम.

या वयाला आठवड्यातले चार दिवस पुरतात, पण ते ठरलेले चार दिवस हवेत. मनाला येईल तेव्हा पाच दिवस येण्यापेक्षा ठरलेले चार कधीही बरे. प्रशिक्षक आठवड्याची आखणी करतात: एक दिवस किकचा, एक स्टार्ट आणि टर्नचा (भिंतीपाशी वळून परत फिरायचा), एक लांब अंतराचा. दर गुरुवार चुकला तर दर वेळी तोच एक भाग चुकतो, आणि ते थेट स्पर्धेत उघडं पडतं. ट्यूशन दुपारी अडीचला किंवा संध्याकाळी सातनंतर सरकते का बघा. नाहीच जमलं तर पहिल्याच दिवशी सरांना सांगा, मग तिचे दिवस ते तसे लावतील. एखाद्या दिवशी येणार नसाल तर आदल्या रात्रीच कळवायचं, म्हणजे लेनची रचना बदलता येते.

सामानात दुकानदार सांगतो त्याच्या निम्मं पुरतं. सूट दोन घ्या, लायक्रा जास्त असलेला नको. क्लोरिनने लायक्रा सैल पडते आणि मागे जाळीसारखी विरते. पॉलिएस्टरचा किंवा ज्यावर क्लोरिन-रोधक लिहिलंय तो कितीतरी जास्त टिकतो. पोहून झालं की साध्या पाण्यात खळबळून सावलीत वाळत घाला, मशीनमध्ये टाकू नका. सिलिकॉनच्या टोप्या दोन, गॉगल दोन. गॉगल घेताना पट्टा न लावता नुसत्या वाट्या डोळ्यांवर हलक्या दाबून सोडा. क्षणभर तरी चिकटून राहिल्या तर तो चेहऱ्याला बसतो, लगेच पडल्या तर पट्टा कितीही आवळला तरी पाणी आत शिरणार. काचेला आतून बोट लावायचं नाही, धुकं न येण्याचा लेप तिथेच असतो. किकबोर्ड बहुतेक पूलवर मिळतो. पायात घालायचे आखूड फिन्स सरांना विचारून घ्या. हाताचे पॅडल या वयात नकोत. सगळं ओलं सामान जाळीच्या पिशवीत ठेवा, आणि प्रत्येक वस्तूवर पक्क्या शाईने नाव घाला, कारण निळे गॉगल सगळ्यांकडे असतात.

केसांना तेल लावून पाठवू नका. आपल्याकडे खोबरेल चोपडून पाठवायची सवय असते, पण तेलाने टोपी निसटते आणि फिल्टरवर तवंग चढतो. त्याऐवजी नळाच्या साध्या पाण्याने केस पूर्ण भिजवून टोपी घाला. आधीच भिजलेले केस क्लोरिनचं पाणी कमी शोषतात.

खर्चाचे कप्पे असे: महिन्याचं प्रशिक्षण, पूलचा पास (आपल्या गोव्यात कांपालला, पेडेंला, फातोर्ड्याला जिथे जाल तिथला), वर्षाची नोंदणी, स्पर्धेत प्रत्येक प्रकाराचं वेगळं प्रवेशशुल्क, आणि पुढे राज्याबाहेर गेलात तर प्रवास व मुक्काम. नाव दिल्यावर मागे घेतलं तर प्रवेशशुल्क सहसा परत मिळत नाही. सगळ्यांना चकवणारी गोष्ट कागदपत्रांची असते. जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला तिन्हींवर नाव आणि आडनावाचं स्पेलिंग एकच आहे ना, ते आजच बघून घ्या. आपल्याकडे दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरं हे फार दिसतं, आणि ते स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात दुरुस्त होत नाही.

अजून एक, आणि इथे कसलीही सवलत देऊ नका. कपडे बदलायच्या खोलीत फोन कुणाच्याच हातात नको. मुलीला वैयक्तिक मेसेज कुणी करायचा नाही, जे काही असेल ते पालकांच्या ग्रुपवर किंवा तुमच्या नंबरवर. स्पर्धेच्या दौऱ्यावर मुली असतील तर सोबत महिला व्यवस्थापक हवी. टीमकडे हे लेखी नसेल तर मागा. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने मुलांच्या लैंगिक छळाची माहिती असूनही न कळवणं हा गुन्हा आहे, त्यामुळे चांगली टीम अशा प्रश्नाने दुखावली जात नाही.

कोच_तिसवाडी

लेन_चार यांनी व्यवस्थेचं सांगितलंय, मी पाण्यातलं सांगतो.

पालक काठावर नकोत, याचं कारण मुलीचं लक्ष. डोकं पाण्याबाहेर असतं ते जेमतेम दोन फेऱ्यांच्या मधले दहा-पंधरा सेकंद. तेवढ्यात प्रशिक्षक एकच गोष्ट सांगतो, समजा ‘कोपर वर ठेव’. त्याच सेकंदांत गॅलरीतून ‘जोरात मार’ ऐकू आलं की मुलगी हात जोरात मारते आणि कोपर पडतं. घरी यूट्यूब दाखवून स्ट्रोक सुधारू नका. प्रौढ ऑलिंपिक खेळाडूचा हात नऊ वर्षांच्या खांद्याला झेपत नाही.

पहिल्या काही महिन्यांत तिच्या वेळा वाढल्या तर घाबरू नका. नवा श्वास, नवी किक, नवा टर्न अंगवळणी पडेपर्यंत जुनी सवय आणि नवी सवय एकमेकांत अडकतात, त्यामुळे वेग उतरतो. याच टप्प्यावर बरेच पालक प्रशिक्षक बदलतात आणि मूल पुन्हा पहिल्या पायरीवर येतं. शंका असेल तर जरूर विचारा, फक्त बॅच सुरू असताना काठावर नको. आधी वेळ मागून बसा आणि ‘या महिन्यात तिच्याकडून नेमकं काय करून घेताय?’ असं विचारा. चांगल्या प्रशिक्षकाकडे याचं एका वाक्यात उत्तर असतं.

वेळा लिहिताना पूल किती मीटरचा ते सोबत लिहा. २५ मीटरच्या पूलवर टर्न जास्त, भिंतीचा धक्का जास्त वेळा, म्हणून तिथली वेळ ५० मीटरच्या पूलपेक्षा कमी येते. या दोन वेळांची तुलना करून ‘मुलगी मागे पडली’ असा समज फार होतो. हॉटेलच्या वाकड्यातिकड्या पूलवर घेतलेल्या वेळेला काहीच अर्थ नाही.

पावसाळ्यात उघड्या पूलवर नुसता पाऊस असेल तर सराव चालतो. गडगडाट ऐकू आला की सगळे पाण्याबाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कुणी आत उतरायचं नाही. ‘आता थांबलंय की, सोडा’ म्हणून मागे लागू नका.

पूलचा उग्र वास आणि लाल डोळे हे क्लोरिन जास्त असल्याचं लक्षण समजतात. बहुतेक वेळा ते घाम आणि लघवी क्लोरिनशी मिसळून तयार होणाऱ्या क्लोरामाइनचं असतं. त्यावर उपाय पोहण्याआधी मिनिटभर साबणाने अंघोळ आणि दर तासाला शौचालय. लहान मुलांना तसं आवर्जून पाठवावं लागतं.

एक गोष्ट विषयाला सोडून वाटेल, पण मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. टीममध्ये आलेल्या मुलांचे आईवडील समुद्राबाबत निर्धास्त होतात. पूलमध्ये तळ दिसतो, दोर असतो, लाट नसते. समुद्रात ओढ (आत खेचणारा प्रवाह) आली की चांगला पोहणारा थेट किनाऱ्याकडे पोहत राहतो आणि दमतो. ओढ चिंचोळी असते, तिच्या आडव्या दिशेला, किनाऱ्याला समांतर पोहून बाहेर पडायचं असतं. जून ते सप्टेंबर समुद्रात उतरायचंच नाही, एरवी जीवरक्षकांच्या झेंड्यांमध्येच. आणि पावसात भरलेल्या चिरेखाणीत कधीही नाही. कडा सरळ तुटलेली, खोली कळत नाही, वर चढायला काठ नाही.

स्टॉपवॉच

स्पर्धेचा दिवस मी सांगतो, गोंधळ तिथेच जास्त होतो.

आदल्या दिवशी हीट शीट येते, म्हणजे कोण कोणत्या हीटमध्ये (एका वेळी सुटणाऱ्या गटात) त्याची यादी. त्यात मुलीच्या नावापुढे इव्हेंट, हीट आणि लेन असे तीन आकडे असतात. ते तिच्या दंडावर पेनने लिहा: कितवा इव्हेंट, कितवी हीट, कोणती लेन. हीट नोंदवलेल्या वेळेवरून लागतात. सगळ्यात वेगवान मुलं शेवटच्या हीटमध्ये आणि मधल्या लेनमध्ये असतात, वेळ न दिलेली मुलं पहिल्या हीटमध्ये. म्हणून नोंदणी करताना मनाने चांगली वेळ लिहू नका. आपल्याहून बऱ्याच वेगवान मुलांत एकटी मागे पडलेली नऊ वर्षांची मुलगी शर्यत विसरून रडू लागते.

वॉर्म-अपला दिलेल्या वेळेआधी पोचा. वॉर्म-अप झाला की कोरडा टॉवेल, कोरडा टी-शर्ट. दोन टॉवेल लागतात, कारण पहिला पहिल्या अर्ध्या तासातच भिजतो. तिच्या इव्हेंटच्या दोन-तीन इव्हेंट आधी मार्शलिंगला, म्हणजे शर्यतीआधी मुलांना गोळा करतात तिथे, पाठवा. तिथे पालक जात नाहीत. नाव पुकारलं आणि मूल हजर नसलं तर लेन रिकामी जाते. या वयात मुलं शर्यत चुकवतात ती बहुतेक इथेच, खाण्याच्या गाड्याजवळ किंवा शौचालयात असल्यामुळे.

शिट्ट्यांचा अर्थ घरीच सांगून ठेवा. छोट्या छोट्या शिट्ट्या म्हणजे वरचे कपडे काढा. एक लांब शिट्टी म्हणजे ब्लॉकवर (उडी मारायच्या चौथऱ्यावर) चढा, बॅकस्ट्रोकला पाण्यात उतरा. मग ‘टेक युअर मार्क्स’, आणि त्यानंतर पुतळ्यासारखं स्थिर. भोंग्याआधी सुटली तर बाद, दुसरी संधी नाही.

लहान गटात बाद होण्याची कारणं तीच तीच असतात. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये टर्नला आणि शेवटाला दोन्ही हात एकाच क्षणी भिंतीला लागायला हवेत. एक हात वर, एक खाली असला तरी चालतो, पण क्षण एक हवा. बॅकस्ट्रोकमध्ये शेवट पाठीवरच करायचा. भिंतीपासून ५ मीटरवर वर झेंड्यांची माळ असते, तिथून भिंतीपर्यंत आपले किती हात लागतात ते मुलीला पाठ हवं, म्हणजे ती घाबरून आधीच वळत नाही. टर्नच्या आधी पोटावर वळून नुसती घसरत भिंतीकडे गेली तरी बाद. वळल्यावर हाताची ओढ लगेच सुरू व्हायला हवी. फ्रीस्टाइलमध्ये दमून तळावर उभं राहिलं तर हरकत नाही, पण पावलं टाकत पुढे गेली की बाद. दोर धरून ओढलं तरी बाद.

ताई, तुम्ही म्हणता ती वाकडी किक इथेच नडते. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये धक्का देताना दोन्ही पावलं बाहेर वळलेली हवीत. एक पाऊल आत किंवा सरळ राहिलं की कात्रीसारखी किक होते आणि पंच हात वर करतो. सर काही महिने तिला ब्रेस्टस्ट्रोकमध्ये उतरवणार नाहीत कदाचित. त्यांना आग्रह करू नका. काठावर बसून घोटे बाहेर वळवायचा आणि भिंत धरून किक मारायचा सराव त्यासाठीच देतात.

निकाल पटला नाही तर पालकांनी पंचांकडे जायचं नाही. लेखी हरकत फक्त टीम व्यवस्थापक घेऊ शकतो, तीही शर्यत संपल्यापासून तीस मिनिटांत.

आता तुमचं काम. बऱ्याच टीम दर कुटुंबामागे एक माणूस वेळ घ्यायला मागतात. हाताने वेळ घेताना एका लेनला तीन घड्याळं असतात. दोन जुळली तर ती वेळ धरतात, तिन्ही वेगळी आली तर मधली. भोंग्याचा आवाज ऐकून बटण दाबू नका, दिवा बघून दाबा. पलीकडच्या टोकाला, ५० मीटरवर, आवाज पोचायला साधारण ०.१५ सेकंद लागतो, आणि निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागात लागतात. शेवटाला काठावर वाकून थेट भिंतीकडे बघा, शरीराचा कुठलाही भाग भिंतीला लागला की बटण. ओरडून आपल्या मुलीला बळ देत घड्याळ धरता येत नाही, म्हणून तिच्या हीटला दुसऱ्या लेनवर जा.

आणि रिले होईपर्यंत घरी जाऊ नका. रिले बहुधा शेवटी असते. चौथी मुलगी निघून गेली की उरलेल्या तिघींची शर्यत बुडते, आणि मुलं ती गोष्ट फार दिवस धरून बसतात.

डॉ_सासष्टी

कानाची पाळी ओढली किंवा कानाच्या भोकापुढचं टोक दाबलं की दुखत असेल, तर बाहेरच्या नलिकेचा संसर्ग असण्याची शक्यता जास्त, पोहणाऱ्यांना होतो तो. सर्दीनंतर आतून ठणकत असेल, ताप असेल आणि पाळी ओढून दुखत नसेल, तर मधल्या कानाचं असू शकतं. दोन्हीचे उपचार वेगळे, म्हणून आधीचे उरलेले थेंब घालू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. पडद्याला भोक असेल तर काही थेंब अपाय करतात. बाहेरच्या संसर्गात साधारण आठवडा-दहा दिवस पाण्याबाहेर राहावं लागतं. पुन्हा होऊ नये म्हणून पोहल्यावर मान दोन्ही बाजूंना कलती करून पाणी काढा आणि टॉवेलच्या टोकाने फक्त बाहेरून टिपा. काडी, कापूस, खोबरेल यातलं काही आत घालू नका. काडीने मळ आत ढकलला जातो आणि कातडी खरचटते, जंतू तिथूनच शिरतात.

जुलाब झाले असतील तर थांबल्यावर निदान ४८ तास पूलमध्ये पाठवू नका. डोळे आले असतील तर पूर्ण बरे होईपर्यंत नको.

खाण्याचं: शाळा दीडला सुटते म्हणजे दोनच्या सुमारास जेवण होतं, साडेचारच्या बॅचला ते अंतर चांगलं आहे. फक्त जेवण तळलेलं नको. पावणेचारला एक केळं पुरे. बॅच झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासात पिष्ट आणि प्रथिन दोन्ही हवं: पोई आणि उकडलेलं अंडं, किंवा नाचण्याचं तिझन (गोड पेज) आणि मूठभर शेंगदाणे. फरसाणाने भूक भागते, स्नायूंना काही मिळत नाही. काठावर पाण्याची बाटली हवीच. पाण्यातही घाम येतो, तो दिसत नाही एवढंच, आणि आपल्या दमट हवेत बराच येतो.

सरावानंतर दोन्ही दंड सारखे दुखले तर तो थकवा, दुसऱ्या दिवशी जातो. एकाच खांद्यात टोचतं, हात वर नेताना दुखतं, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही, तर त्याच दिवशी प्रशिक्षकांना सांगा. मुलं गटातून काढतील म्हणून लपवतात. झोप नऊ ते अकरा तास. पुढे पहाटेची बॅच लागली की आधी रात्री लवकर झोपायची सवय लावा, मगच गजर लावा.

म्हापशेकर_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन गोष्टी राहिल्या. चवथीच्या आठवड्याचं काय? आणि शाळेने पण शालेय स्पर्धेसाठी नाव मागितलंय, दोन्हीकडे चालतं का?

कोच_तिसवाडी

चवथीला निम्मी टीम गावी असते, त्यामुळे बहुतेक प्रशिक्षक ते दिवस धरूनच आखणी करतात. तारखा महिनाभर आधी द्या. गावी रोज दहा मिनिटं घोटे आणि खांदे मोकळे करायचे व्यायाम पुरेत. परतल्यावर पहिले दोन दिवस हलका सराव, थेट स्पर्धा नको. तळ्यात पोहून सराव भरून काढू नका.

शालेय स्पर्धा शाळेमार्फत, क्लबची राज्य संघटनेमार्फत, त्यामुळे दोन्हीकडे नाव देता येतं. फरक वयोगटाचा. शालेय स्पर्धेत सगळ्यात लहान गट १४ वर्षांखालचा असतो, म्हणजे नऊ वर्षांची मुलगी तेरा वर्षांच्या मुलींसोबत उतरेल. ते तिला आधी सांगा आणि एकाच प्रकारात, ५० मीटर फ्रीस्टाइलला नाव द्या. शाळेने कोणत्या तारखा दिल्यात त्या सरांना कळवा, कारण त्याच आठवड्यात क्लबची स्पर्धा आली तर एक सोडावी लागेल.